रोज तीच पाच मुलं उशिरा, आणि वही कायम ‘बाई, उद्या आणतो’ : कुठून तपासायला सुरुवात करायची

मी मुंबईत मध्य रेल्वेच्या लाईनवरच्या एका अनुदानित शाळेत १९ वर्षं शिकवतेय, आठवी ते दहावी, सकाळचं अधिवेशन, ७ वाजून १० मिनिटांची घंटा. दर जूनला नवा वर्ग हातात येतो आणि गणपतीपर्यंत तोच त्रास सुरू होतो, मुलं उशिरा येतात आणि प्रोजेक्ट, वह्या, जर्नल काहीच वेळेवर येत नाही. नवीन लागलेले शिक्षक स्टाफरूममध्ये हेच विचारतात आणि तोंडी सांगताना दरवेळी अर्धं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. क्रम तेवढा मोडू नका. जे फुकटात आणि पाच मिनिटांत होतं ते आधी, पालकांना बोलावणं बरंच नंतर. बहुतेक जण उलटं करतात, पहिल्याच आठवड्यात पालकांना बोलावतात, आणि ते एकदा येऊन गेले की मग आपल्या हातात काही उरत नाही.

लक्षणं

तुमच्या वर्गात यातलं काय काय दिसतंय ते आधी बघा.

पटावर ५२, पहिल्या तासाला वर्गात ४१, दुसऱ्या तासाला ४९. उशिरा येणारी नावं जवळजवळ रोज तीच. कारणं ठरलेली दोन, ‘लोकल लेट होती’ नाहीतर ‘उठायला उशीर झाला’.

प्रोजेक्टच्या तारखेला वीस-बावीस फायली टेबलावर, बाकीचे ‘उद्या’. आणि उद्या ज्या येतात त्यातल्या सहा-सात फायलींत चूकसुद्धा तीच, म्हणजे रात्री एकाची फाईल सगळीकडे फिरलेली.

फाईलचं पहिलं पान स्केचपेनने सजवलेलं, बॉर्डर वगैरे, आणि चौथ्या पानापासून कोरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शिक्षा वाढवली की आठवडाभर फरक पडतो आणि नंतर उशिरा येणारं मूल गैरहजरच राहायला लागतं. हे दिसलं की शिक्षा तिथेच थांबवा. त्या मुलाने हिशोब केलाय की उशिरा जाऊन अपमान करून घेण्यापेक्षा न गेलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करा. काम उशिरा देणं, काम न करणं आणि काम न जमणं हे तीन वेगळे बिघाड आहेत, बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात कारण तिन्हीत टेबलावर वही नसते.

घड्याळ

हसू नका, खरंच आधी घड्याळ बघा. आमच्याकडे ऑफिसातलं घड्याळ, ज्यावर शिपाई मामा घंटा देतात ते, चार मिनिटं पुढे होतं. मुलांच्या मोबाईलवर सात सहा झालेले असायचे आणि घंटा होऊन जायची. स्टेशनवरून चालत येणाऱ्या मुलाला चार मिनिटं म्हणजे पूल उतरून गेटपर्यंतचं अंतर. एक सेल बदलला, घड्याळ मोबाईलला लावून घेतलं आणि त्या आठवड्यात रोजच्या अकरा जणांतले चार जण आपोआप वेळेवर यायला लागले. त्या चार मुलांना आम्ही जुलैभर बोलत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

सोबत हेही बघा की आपण स्वतः वर्गात किती वाजता पोचतो. घंटा ७:१० ची आणि बाई ७:१८ ला येणार हे मुलांना दोन दिवसांत कळतं.

वही घाला, लेटमार्क नको

लेटमार्क म्हणजे लाल शाईत ‘एल’ लिहिला की संपलं, त्यातून काही कळत नाही. दोनशे पानी वही घ्या, रकाने पाडा: तारीख, वार, किती मिनिटं उशीर, पहिला तास कोणाचा, मुलाने स्वतः लिहिलेलं कारण. वही दारापाशी ठेवायची, आलेलं मूल स्वतः लिहून गुपचूप बसेल. दाराजवळचा एक बाक त्यासाठी रिकामा ठेवा, म्हणजे पंचेचाळीस मुलांसमोरून चालत जायला लागत नाही आणि तुमचा तासही मोडत नाही. तीन आठवडे नुसतं लिहू द्या, काहीही बोलू नका. हे न बोलणं फार जड जातं, पण मुलांनी खरं लिहायला हवं असेल तर तेवढं करा.

तीन आठवड्यांनी वही घेऊन बसा. पाच-सात मिनिटं उशीर करणारी मुलं आणि पंचवीस मिनिटं उशीर करणारी मुलं यांची कारणं कधीच एक नसतात. पाच मिनिटंवाली बहुतेक गेटवर गप्पा मारणारी असतात, त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं की पुरतं. पंचवीसवाल्यांच्या मागे काहीतरी खरं असतं.

मग वार बघा. आठवीतला एक मुलगा होता, वहीत त्याचं नाव फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. कारण प्रत्येक वेळी ‘लोकल’. पण लोकल काय वार बघून लेट होते का? त्या दोन्ही दिवशी पहिला तास गणिताचा होता. शिपाई मामांना विचारलं तर म्हणाले, बाई तो तर सातलाच येतो, जिन्याखाली पाण्याच्या टाकीशी बसलेला असतो. त्याला अपूर्णांक येत नव्हते आणि सर रोज कोणालातरी फळ्यापाशी बोलवायचे. म्हणजे बिघाड गणितात होता आणि आम्ही त्याला वेळेवर ये म्हणून सांगत होतो. सरांनी महिनाभर त्याला फळ्यापाशी बोलवायचं नाही असं ठरवलं, मधल्या सुट्टीत दहा दहा मिनिटं बसवलं, आणि त्याचं नाव वहीतून गेलं.

काम सांगितलं कधी आणि कसं

गृहपाठ न येण्याचं निम्मं कारण इथे सापडतं. घंटा वाजता वाजता, मुलं दप्तर भरत असताना सांगितलेलं काम अर्ध्या वर्गाने ऐकलेलंच नसतं. तास संपायच्या सात मिनिटं आधी फळ्यावर लिहा, डायरीत उतरवून घ्या, एका मुलाला उठवून ‘काय करायचंय सांग’ म्हणा. तो जे सांगेल ते ऐकून तुम्हालाच कळेल की आपण किती मोघम बोललो होतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला टाकलेलं काम हे काम दिलं असं मी धरत नाही. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त घरांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो आईबरोबर किंवा बाबांबरोबर कामावर जातो. ती माणसं विक्रोळीहून, अंधेरीहून लोकलला लोंबकळत नऊला घरी येणार, मग फोन चार्जिंगला, मग मुलाच्या हातात. तोपर्यंत झेरॉक्सवाला बंद.

याच पायरीवर अजून एक फुकटची तपासणी. ज्याची वही कायम अपुरी त्याला शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं वाचायला सांगा. दर वर्षी एक-दोन मुलं अशी निघतातच ज्यांना दिसतच नाही, ती शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात आणि शेजाऱ्याने वही बंद केली की थांबतात. चष्मा लागला की वही पूर्ण. हे मी वर्षाच्या पहिल्या महिन्यातच करून टाकते, नंतर राहून जातं.

तारीख चुकली असेल

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तारीख आपण ठरवतो आणि ती बदलायला एक पैसा लागत नाही.

महिन्याच्या २५ तारखेनंतर खर्चाचं काम देऊ नका. चार्टपेपर, रंगीत प्रिंट, स्पायरल बाईंडिंग, थर्माकोल, सगळं मिळून शंभर-दीडशे सहज होतात. घरात पगार येतो सात ते दहा तारखेच्या मध्ये. मी एक वर्ष भूगोलाचा प्रोजेक्ट ३० तारखेला मागितला, १९ फायली आल्या. पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्ट १४ तारखेला मागितला, ४४ आल्या. वर्ग वेगळा होता हे मान्य, पण नंतर दरवेळी असंच झालंय. आता तर मी सरळ सांगते की पाठकोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलं चालेल, प्रिंटला एकही मार्क जास्त नाही.

सोमवारची तारीख देऊ नका, रविवारी प्रिंटची दुकानं धड उघडी नसतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची तर अजिबात नको, अर्धा वर्ग कोकणातून नुकता परत आलेला आणि उरलेला रात्रभर विसर्जनाला जागलेला असतो. स्टाफरूममध्ये भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाने आपली तारीख त्यावर टाकायची. आम्ही लावलं तेव्हा कळलं की सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात नववीला विज्ञानाचं जर्नल, इतिहासाचा प्रोजेक्ट, हिंदीची वही आणि चित्रकलेची फाईल असं चारही एकदम होतं. मुलांनी त्यातलं एक सोडलं तर नवल काय.

पावसाळ्याचं वेगळं धरा. महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, ती यादी मी जूनमध्येच कॅलेंडरवर उतरवते आणि त्या दिवशी काहीही जमा करायला ठेवत नाही. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, मग लाईन ठप्प. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मुलं रात्रभर शाळांत अडकली होती, तो दिवस ज्या शिक्षकांनी पाहिलाय ते पावसात उशिरा आलेल्या मुलाला बोलत नाहीत. दहावीचे जादा तास रविवारी घेत असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, त्या रविवारी कुठल्या लाईनवर आहे ते आदल्या दिवशी बघूनच वेळ ठरवा.

मोठ्या कामाला एक तारीख देण्यापेक्षा तीन द्या. पहिल्या तारखेला नुसता विषय आणि पाच ओळी. दुसरीला कच्चं अर्धं काम, पेन्सिलने असलं तरी चालेल. तिसरीला पूर्ण. मधली तारीख सगळ्यात कामाची, कारण जो अडकलाय तो तिथेच दिसतो, शेवटच्या दिवशी दिसून काय उपयोग?

नियम काय आहे आणि तो सगळ्यांचा एकच आहे का

मुलांना विचारा, उशिरा वही दिली तर काय होतं? एका वर्गात मला सहा उत्तरं मिळाली. एक सर घेतच नाहीत, एक मॅडम दहाचे पाच करतात, एक बाई ‘बरं दे’ म्हणतात. जिथे सूट मिळते तिथली वही मुलं मागे टाकतात, सरळ आहे. वर्गशिक्षिकेने सगळ्यांशी बोलून एकच नियम करून घ्यायचा आणि तो फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात लावायचा.

माझा नियम असा. वेळेवर आलेलं काम मी तीन दिवसांत तपासून देते आणि मूल ते सुधारून परत देऊ शकतं, वाढलेले मार्क मिळतात. उशिरा आलेलं काम एकदाच तपासलं जातं, सुधारायची संधी नाही. बाकी मार्क कापायचे नाहीत. दहावीला बहुतेक विषयांत ८० लेखी आणि २० अंतर्गत असतात, ते २० मुलाला काय येतं ते सांगायला आहेत, त्यात उशिराचे कापले तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. आणि शून्य द्याल तर मूल ते काम कायमचं सोडून देतं, शून्य मिळालेली फाईल पुढे पूर्ण केलेली मी १९ वर्षांत एकदाही पाहिली नाही. वेळेवर देणाऱ्या मुलांवर अन्याय होतो असं काही शिक्षक म्हणतात, ते चुकीचं नाही, म्हणूनच सुधारायची संधी फक्त त्यांना. शिवाय प्रत्येकाला सत्रात एक सवलत चिठ्ठी, दोन दिवस जास्तीचे, कारण विचारायचं नाही. चिठ्ठी वापरली की संपली. मुलं ती फार जपून वापरतात.

पण मग तीन दिवसांत तपासून देणं आपल्याला जमायला हवं. महिनाभर गठ्ठा कपाटात पडून राहिला तर तारखेचं महत्त्व आपणच घालवतो.

वर्गाबाहेर उभं करणं, गेट बंद करणं, मैदानाला फेऱ्या, हे करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, तो आठवीपर्यंत थेट लागू, मी नववी-दहावीलाही तेच पाळते. शिवाय बाहेर उभं राहणाऱ्याचा दर वेळी पहिलाच तास बुडतो, म्हणजे वर्षभर तेच ते विषय. आणि गेट बंद होईल या धास्तीने मूल काय करतं ते डोळ्यासमोर आणा, रूळ ओलांडतं, भरलेल्या लोकलच्या दारात लटकतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले लोक पडून जीव गेले. माझा मुलांना पहिल्या दिवसाचा निरोप हाच असतो की गाडी सुटली तर सुटू दे, पुढची पकड, वहीत लिही आणि बस.

मुलाला विचारा, पण एकट्याला

वरचं सगळं करून झालं की वहीत पाच-सहा नावं उरतात. आता विचारायचं. वर्गासमोर नाही, मधल्या सुट्टीत, आणि ‘का उशीर झाला’ असं नाही, त्याला ‘लोकल’ हेच उत्तर येणार. ‘सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलंस ते सांग’ असं विचारा.

एक मुलगी रोज २० मिनिटं उशिरा यायची, कायम ‘झोप लागली’. एकदा वही देताना बघितलं तर कुर्त्याची बाही कोपरापर्यंत ओली आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. डोंगरावरच्या वस्तीत पाणी पहाटे तासभर येतं, आधी साडेपाचला यायचं, जुलैपासून सहाला यायला लागलं होतं. सहा जणांचं पाणी भरून, हंडे वर चढवून, धाकट्याचा डबा भरून ती धावत यायची, आणि झोप लागली म्हणून सांगायची कारण पाणी भरते हे सांगायला तिला लाज वाटायची. तिला मी दुसऱ्या सत्रापर्यंत साडेसातची लेखी परवानगी दिली, मुख्याध्यापकांच्या सहीची. ती चिठ्ठी बघून आईनेच शेजारच्या काकूंशी बोलून दोन हंड्यांची सोय केली, आणि दिवाळीनंतर ती सात-दहालाच येऊ लागली.

दुसरा एक मुलगा, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून घर भाड्याने ठाण्यापलीकडे दिवा स्टेशनला हललेलं, शाळा मात्र इथेच. त्याचा पास संपला होता आणि सवलतीच्या फॉर्मवर आमच्याच ऑफिसातून सही व्हायला आठ दिवस लागले, तोपर्यंत रोज तिकिटाच्या रांगेत उभा. सही करून घेतली, पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून सांगते, लांबून येणाऱ्या मुलांच्या पासची तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

झोपेचंही विचारा. या वयात शरीरच उशिरा झोप आणतं आणि झोप लागते आठ ते दहा तास. चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवायचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ ला निघाला, पण आपल्या दोन अधिवेशनांच्या शाळांत मोठी मुलं अजून सातलाच येतात. शाळेची वेळ आपल्या हातात नाही, पहिल्या तासाला चाचणी न ठेवणं आपल्या हातात आहे.

पालक

आता बोलवा. फोन करून त्यांची वेळ विचारा, एक दिवस गेला तर कित्येकांचा खाडा होतो. वही समोर ठेवा आणि वाचून दाखवा, त्यांच्या मुलासमोर तक्रार करू नका. मुलगा काय करतो यापेक्षा घरी सकाळी काय अडतं ते विचारा. एक गोष्ट ठरवा, एकच, आणि दोन आठवड्यांनी परत फोन करा. आई-बाबांना मुलाचा उशीर माहीतच नसेल, तो घरून वेळेवर निघत असेल, तर लगेच सावध व्हा, मधला वेळ कुठे जातो ते शोधायलाच हवं.

इथे थांबा, हे शिक्षकाचं काम नाही

तोंडी उत्तरं झटपट आणि बरोबर, पण लिहिताना अक्षरं उलटीसुलटी, फळ्यावरचं उतरवायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ: हा आळस नाही, अध्ययन अक्षमता असू शकते. आपण निदान करायचं नाही. समुपदेशकांकडून आणि पालकांना सांगून सायन किंवा नायर हॉस्पिटलमध्ये तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ आणि इतर सवलती मिळतात. नववीतच करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ होते आणि हाती काही लागत नाही.

आधी वेळेवर येणारं मूल अचानक उशिरा यायला लागलं, बोलेनासं झालं, खात नाही, हातावर वळ किंवा कापल्याच्या खुणा, घरी जायला नको म्हणतं. तेव्हा खोदून खोदून विचारू नका. जे सांगेल ते ऐकून घ्या, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. चाईल्डलाईन १०९८, चोवीस तास, फुकट. मन खचलेलं वाटलं तर टेलिमानस १४४१६. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत आपसात मिटवायचा प्रश्नच नाही.

मूल रात्री कामाला जातं असं कळलं, गाडीवर, गॅरेजमध्ये, कुठेही, तर तिथेही १०९८. १४ वर्षांखालच्या मुलाला बाहेर कामाला ठेवायला बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे. आधी त्या घराशी बोला, कारण बऱ्याचदा बाबांचं आजारपण नाहीतर कर्ज मागे असतं, पण एकट्याने मालकाशी भांडायला जाऊ नका.

यातलं काहीही असलं तरी त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, तारीख, वेळ आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर लिहून काढा. आपलं मत त्यात घालू नका. दारापाशच्या वहीत यातलं काही लिहू नका, ती सगळी मुलं वाचतात. कागद मुख्याध्यापकांच्या हातात द्या, पोच घ्या. आणि दुसऱ्या दिवशी ते मूल कितीही वाजता आलं तरी दाराजवळचा बाक रिकामा असू द्या.